पत्रद्वारा वैद्यकीय सल्ला (अठरावे शतक)

रोग्याला न पाहता, पत्रातल्या हकिगतीवरून निदान करून उपचार कळवण्याची युरोपातील पद्धत. तिची मुळे इटलीतील मध्ययुगीन वैद्यांच्या लेखी सल्ल्यांत सापडतात. अठराव्या शतकात ती बहरली.

आज हा प्रकार धोक्याचा वाटेल. पण त्या काळी समोरासमोरही डॉक्टरची मुख्य भिस्त रोग्याच्या सांगण्यावरच असे. नाडी, जीभ, लघवी यांपलीकडे तपासणी क्वचितच जाई. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची ऑस्ट्रियन डॉक्टर औएनब्रुगर यांची पद्धत १७६१ मध्ये छापली गेली, तरी ती दीर्घकाळ दुर्लक्षितच राहिली. त्यामुळे भूक, झोप, शौच, पाळी, जुनी दुखणी हे सारे नीट लिहून आले, की सल्ला देण्याजोगे बरेचसे हाती येई. स्वित्झर्लंडमधील लोझानचे डॉक्टर तिसो यांनी १७६१ मधील आपल्या लोकोपयोगी ग्रंथात डॉक्टरला काय काय सांगावे, याची प्रश्नावलीच दिली होती. त्यांना आलेली हजारावर पत्रे आजही लोझानमध्ये जपलेली आहेत.

या पद्धतीचा सर्वांत समृद्ध दप्तरखाना मात्र स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील डॉक्टर विल्यम कलन (१७१०–१७९०) यांचा. विद्यापीठात शिकवता शिकवता त्यांनी हा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालवला. कधी रोगी स्वतः लिही, कधी नातलग, तर कधी गावचा डॉक्टर. १७८४ मध्ये इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन यांचा दमा आणि अंगावरची सूज यांविषयी त्यांचे मित्र बॉझवेल यांनी कलन यांना लिहिले, तेही असेच मध्यस्थाचे पत्र. कलन यांच्या उत्तरात औषधांबरोबर खाणेपिणे, घोड्यावरून रपेट, हवापालट असे पथ्यपाणीही तपशिलाने असे. उत्तराची नक्कल ठेवण्याचा त्यांचा कटाक्ष होता. आधी लेखनिक ती उतरवीत. १७८१ पासून जेम्स वॉट यांचे नवे नक्कलयंत्र आले. ओलसर पातळ कागद ताज्या शाईवर दाबला, की उलटी अक्षरे उमटत; ती कागदाच्या मागून सुलट वाचता येत. त्यामुळेच प्रश्न आणि उत्तर दोन्ही हाती लागतात. वैद्यकाच्या इतिहासात हे दुर्मीळ आहे.

एकोणिसाव्या शतकात रुग्णालयांतील शिक्षण आणि १८१६ चा स्टेथोस्कोप यांमुळे प्रत्यक्ष तपासणीचे महत्त्व वाढले आणि ही पद्धत मागे पडली. कलन यांची पाच हजारांहून अधिक पत्रे एडिंबरातील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहेत. दुखणेकऱ्याने आपल्या शब्दांत मांडलेली वेदना इतक्या जवळून ऐकू येण्याची जागा त्या शतकात दुसरीकडे क्वचितच मिळते. कित्येकदा मात्र पत्रव्यवहार मध्येच थांबतो आणि रोगी बरा झाला की नाही, हे कळत नाही.