फॉरवर्ड प्रॉक्सी आणि रिव्हर्स प्रॉक्सी: मध्यस्थ कोणाच्या बाजूचा?

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. गोंधळ होतो तो हा मध्यस्थ कोणाच्या वतीने काम करतो हे न पाहिल्यामुळे. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक आयपी पत्ता आणि ३१२८ हा स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा पोर्ट भरावा लागे, तो फॉरवर्ड प्रॉक्सी. तो वापरणाऱ्यांच्या वतीने बाहेर जातो, कोणती संकेतस्थळे उघडू द्यायची ते ठरवतो आणि बाहेरच्या सर्व्हरला सहसा त्याचाच पत्ता दिसतो. रिव्हर्स प्रॉक्सी मात्र संकेतस्थळाच्या दारात बसतो आणि तो मध्ये आहे हे वाचकाला जाणवतही नाही, कारण डोमेनचे नावच त्याच्याकडे वळवलेले असते. एचटीटीपीच्या मानकात त्याला ‘गेटवे’ म्हटले आहे. म्हणूनच त्याच्या मागचा, म्हणजे साइटचा मूळ सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही तेव्हा पडद्यावर ‘५०४ गेटवे टाइमआउट’ उमटते.

कॅशे, म्हणजे उत्तरांच्या साठवलेल्या प्रती, दोघेही ठेवू शकतात. फॉरवर्ड प्रॉक्सीच्या कॅशेमुळे संस्थेच्या इंटरनेट जोडणीवरचा भार हलका होत असे, पण मजकूर कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करणारे एचटीटीपीएस सर्वत्र आल्यापासून तो उपयोग फारसा उरलेला नाही: ब्राउझर ‘कनेक्ट’ विनंती करून थेट बोगदा मागतो, आणि जे वाचताच येत नाही ते प्रॉक्सी साठवणार तरी कसे? रिव्हर्स प्रॉक्सीपाशी टीएलएसची (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनची) जोडणी उकलली जात असल्यामुळे त्याला पान दिसते आणि साठवलेली प्रत ताजी असेपर्यंत मागच्या सर्व्हरला ते पुन्हा तयार करावे लागत नाही. हीच सोय अंगलटही येते. ज्या उत्तरात ‘सेट-कुकी’ हेडर (ब्राउझरला कुकी देणारी ओळ) असेल ते एन्जिनएक्स हे रिव्हर्स प्रॉक्सीचे सॉफ्टवेअर आपणहून कॅशेत ठेवत नाही. साइट वेगवान करण्याच्या भरात ही अट काढून टाकली, तर एकाच्या खात्याचे पान दुसऱ्याला दिसू शकते.

सुरक्षेच्या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. रिव्हर्स प्रॉक्सी बसवला, पण चुकीचे पासवर्ड वारंवार टाकणारा पत्ता अडवण्याचा नियम मागच्या सर्व्हरवर तसाच राहिला. थोड्याच वेळात साइट सगळ्यांसाठी बंद पडली. लॉग उघडला तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १०.०.०.५, म्हणजे आमचाच प्रॉक्सी, आणि नियमाने इमानेइतबारे त्यालाच अडवले होते. वाचकाचा खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमधून घ्यावा लागतो; पण ते हेडर कोणीही हाताने लिहून पाठवू शकतो, त्यामुळे विनंती आपल्याच प्रॉक्सीकडून आली असेल तरच, आणि त्यातही प्रॉक्सीने स्वतः जोडलेल्या पत्त्यावरच विश्वास ठेवावा. मागच्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट फक्त प्रॉक्सीसाठी उघडे ठेवावेत. नाहीतर ज्याला मूळ आयपी माहीत आहे, तो पुढचे दार टाळून मागच्या दाराने आत येतो.