अँकर : मूळ वस्तू आणि लाक्षणिक अर्थ

अँकर म्हणजे होडी, गलबत किंवा जहाज पाण्यात एका जागी धरून ठेवणारा नांगर. हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला आणि मुळात त्यात वाकडेपणाचा, आकड्याचा अर्थ आहे. आज अँकर म्हटले की बहुतेकांना बातम्या देणारी किंवा सूत्रसंचालन करणारी व्यक्ती आठवते. हे अर्थ कुठून फुटले ते कळायचे, तर नांगर प्रत्यक्षात कसा धरतो हे आधी पाहावे लागते.

नांगर केवळ वजनामुळे धरतो, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. चांगला नांगर तळात रुततो आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसतो. त्याच्या मधल्या दांड्याला शँक म्हणतात, रुतणाऱ्या पात्यांना फ्लूक म्हणजे फाळ, आणि खालच्या जोडाला क्राउन. जुन्या घडणीच्या नांगराला वरच्या टोकाशी स्टॉक नावाचा आडवा दांडा असतो. तो फाळ असलेल्या खालच्या दोन हातांशी काटकोनात असल्यामुळे नांगर कलंडतो आणि एक फाळ तळाकडे वळतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये शेतातल्या नांगराच्या फाळासारखा सीक्यूआर नांगर तयार केला. मराठीत या दोन्ही अवजारांचे नाव आधीपासूनच एक आहे.

ओढ आडवी असेल तर फाळ खोल जातो, वरच्या दिशेने झाली की उपटला जातो. म्हणून दोर किंवा साखळी भरपूर सोडावी लागते. दोर वापरताना पाण्याची खोली, भरतीने होणारी वाढ आणि होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून तिच्या पाच ते सात पट लांबी धरतात. खोली ६ मीटर, भरतीची वाढ २ मीटर आणि टोकाची उंची १ मीटर असेल, तर बेरीज ९ आणि सातपट लांबी ६३ मीटर. भरती धरायची राहिली तर ४९ मीटरच दोर सुटतो. संध्याकाळी घट्ट बसलेला नांगर मग रात्री भरतीच्या वेळी घसरू लागतो. पूर्ण साखळी असेल तर ती वजनाने तळालगत लोळत राहते, त्यामुळे शांत हवेत कमी लांबीही चालते. वादळात मात्र दहापटीपर्यंत जावे लागते.

नांगर टाकताना होडीचे तोंड वाऱ्याकडे करून तिला थांबवतात, नांगर तळाला टेकवतात, मागे सरकत साखळी हळूहळू सोडतात आणि शेवटी इंजिन उलटे चालवून ताण देतात. सगळी साखळी एकदम टाकली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो आणि ती फाळात अडकते. वाळू आणि घट्ट चिखल यांत पकड चांगली मिळते. दाट पाणगवतात फाळ तळापर्यंत पोहोचतच नाही. खडकावर नांगर एक तर घसरतो, नाही तर असा अडकतो की निघत नाही. घसरण ओळखण्यासाठी किनाऱ्यावरच्या, एका रेषेत दिसणाऱ्या दोन खुणांवर नजर ठेवतात, साखळीवर हात ठेवून थरथर जाणवते का तेही पाहतात. नांगरलेल्या जहाजाने दिवसा काळा गोळा आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो.

बांधकामातला अँकर बोल्ट, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला बोल्ट, याच्याच जवळचा. काँक्रीटमधले छिद्र धूळ काढून साफ केले नाही तर चिकट रसायनाने बसवलेल्या रासायनिक अँकरची पकड बसत नाही. बोल्ट कडेला फार जवळ घेतला, तर काँक्रीटचा तुकडाच सुटून येतो.

लाक्षणिक अर्थांतला फार जुना अर्थ आशेचा. बायबलमधील इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे आणि रोमच्या भूमिगत दफनस्थळांत हे चिन्ह कोरलेले आढळते. जहाजावर आणीबाणीसाठी राखलेल्या मोठ्या नांगराला शीट अँकर म्हणत, त्यावरून अखेरचा भरवशाचा आधार असा अर्थ आला. क्रिकेटमध्ये एक बाजू लावून धरणारा फलंदाज हीच भूमिका करतो. रस्सीखेचीत शेवटचा गडी अँकर असतो, दोर पाठीवरून तिरका घेऊन खांद्यावरून आणण्याची मुभा फक्त त्यालाच असते. रिलेतला शेवटचा धावपटूही अँकरच.

बातम्यांच्या संदर्भात हा शब्द रुजला तो अमेरिकेत १९५२ मध्ये, पक्षीय अधिवेशनांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणातील पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या कामामुळे, जरी दूरचित्रवाणीवर तो त्याआधीही वापरात होता. ठिकठिकाणच्या बातमीदारांना एका सूत्रात बांधून ठेवणारी व्यक्ती, हा त्यातला अर्थ. नुसत्या निवेदनाला अँकरिंग म्हणताना तो बराच पातळ झाला आहे.

मानसशास्त्रात अँकर हा दोष ठरतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन यांनी १९७४ च्या लेखात एक प्रयोग मांडला. आकडे असलेले चक्र फिरवले जाई, पण ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय होती. मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असे विचारले. १० पाहिलेल्यांच्या अंदाजाचा मध्यांक २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. आकड्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरी अंदाज त्याच्यापासून पुरेसा दूर गेला नाही. किंमत किंवा पगार ठरवताना पहिला आकडा समोरून येण्यापूर्वी आपला अंदाज कारणांसह लिहून ठेवावा, असे सांगतात ते यासाठीच.