नख रुतणे

पायाच्या नखाची कडा बाजूच्या मांसात घुसते, तेव्हा नख रुतले असे म्हणतात. हे बहुधा अंगठ्यालाच होते आणि किशोरवयीन मुले व तरुणांत जास्त आढळते. नखाचे कोपरे गोलाकार, खोल कापणे हे नेहमीचे कारण. मागे राहिलेले टोक नख वाढताना मांसात शिरते. घट्ट बूट, ठेच, घाम व नखाची उपजत वाकण यांचीही भर पडते.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत पाय दिवसभर बांधीतल्या चिखलात असतात. भिजून मऊ पडलेल्या कातडीत नख सहज घुसते. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांचे कारण वेगळे: बूट घट्ट, पुढून निमुळता.

सुरुवातीला कड लाल होते, सुजते, दाबली की दुखते. मग पू येतो. दुर्लक्ष झाले तर नखावर लालभडक, ओलसर मांस वाढते आणि जरा धक्क्याने रक्त येते. चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात, कुरूप दाब पडतो तिथे होते. त्यामुळे या दोहोंशी गल्लत होण्याचे कारण नाही. नखुरडे मात्र फसवते, कारण तेही नखाच्या कडेलाच पिकते. तिथे नखाचे टोक रुतलेले नसते.

पू नसेल तर घरचा उपाय पुरतो. कोमट पाण्यात १५-२० मिनिटे पाय बुडवायचा, दिवसातून तीन-चार वेळा. पाय कोरडा करून कडेखाली औषधाच्या दुकानातल्या कापसाची बारीक वात सरकवायची आणि ती रोज बदलायची. घरच्या ढिगातला सरकीचा कापूस नको. बिब्बा तर मुळीच लावू नये. त्याच्या तेलाने कातडी भाजते. नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा मध्याकडे ओढल्या जाऊन मांसातून सुटतात, हा समजही खोटा: नख मुळापासून वाढते, टोकाच्या खाचेने त्याची दिशा बदलत नाही.

पू आला किंवा मांस वाढले तर डॉक्टरकडे जावे. बोटाच्या बुडाशी भूल देऊन नखाची फक्त रुतलेली पट्टी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल हे मूळ जाळणारे रसायन लावतात, म्हणजे ती पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही. भरती व्हावे लागत नाही. अख्खे नख उपटून घेण्याचा आग्रह अनेक जण धरतात. तो व्यर्थ आहे. नवे नख यायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि बरेचदा तेही रुततेच. पुवावर नुसत्या गोळ्या घेत राहिल्याने टोक आतच राहते. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही विचारून घ्यावे.

मधुमेही आणि कुष्ठरोगाने पाय बधिर झालेले रुग्ण यांनी घरी ब्लेड लावूच नये. त्यांना दुखत नाही, म्हणून जखम उशिरा कळते. मधुमेहात ती चिघळून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

नखे सरळ, बोटाच्या टोकाइतकी ठेवून कापावीत. आंघोळीनंतर ती मऊ असतात. फिनॉलनंतर जखम काही आठवडे पाझरते; ती सुकेपर्यंत रोवणीला दुसऱ्या कुणाला धाडावे.