लैंगिक गुन्हेगार आणि '८० टक्के': एका आकड्याची पार्श्वभूमी

सुटून आलेला लैंगिक गुन्हेगार पुन्हा तसाच गुन्हा करेल का, हे पूर्वी मानसोपचारतज्ज्ञ मुलाखतीवरून सांगत. आकडेवारीवरचा साधा तक्ता त्याहून सहसा सरस ठरतो, हे १९५४ पासून मांडलं जात होतं. तरी न्यायालयांत तज्ज्ञाच्या शब्दाचंच वजन राहिलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा संपल्यावरही 'धोकादायक' माणसाला डांबून ठेवायला ५ विरुद्ध ४ मतांनी मान्यता दिली आणि हा अंदाज थेट माणसाच्या सुटकेशी जोडला गेला.

खरा घोळ २००२ चा. कॅन्सस राज्याच्या तुरुंगातील उपचारांविषयीच्या खटल्यात याच न्यायालयाच्या निकालात आलं, की उपचार न घेतलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत जातं. आकडा घेतला होता १९८८ च्या सरकारी मार्गदर्शिकेतून. तिने तो उचलला १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातील लेखातून. लेख लिहिणाऱ्या दोघांपैकी एक स्वतः तुरुंगात उपचार करणारा, आणि आकड्याला त्यांनी कोणत्याही अभ्यासाचा आधार दिलेला नव्हता! पुढच्याच वर्षी अलास्कातील गुन्हेगारांची जाहीर नोंदवही वैध ठरवताना न्यायालयाने या निकालाचा हवाला दिला. खालची न्यायालयंही त्याचीच री ओढत राहिली. आकड्याचं मूळ खणून काढणारा लेख यायला २०१५ उजाडलं.

वास्तविक १९९८ मध्येच ६१ अभ्यासांचं संकलन प्रसिद्ध झालं होतं. सरासरी चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे त्यात १३.४ टक्के होते. पोलिसांपर्यंत न पोचणारे गुन्हे यात धरलेले नाहीत, हे खरंच; पण म्हणून ८० टक्क्यांना आधार मिळत नाही. निराधार आकड्यावर माणसांचं उभं आयुष्य बांधलं गेलं, हे अक्षम्य आहे.

१९९९ चं 'स्टॅटिक-९९' हे पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याचा धोका मोजणारं दहा मुद्द्यांचं साधन आज अनेक देशांत वापरलं जातं. गुण जास्त, तितका धोका जास्त. पीडित व्यक्ती अनोळखी असेल तर एक गुण, जोडीदारासोबत सलग दोन वर्षं कधीच राहिलेला नसेल तर एक गुण. वयाचा परिणाम मूळ तक्त्यात तोकडा पकडला गेला होता. सुधारित आवृत्तीत साठी ओलांडलेल्याचे तीन गुण कमी होतात. तरीही बेरीज सांगते ती गटाचं प्रमाण, समोरच्या एका माणसाचं भविष्य नव्हे.

भारतात २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते.