खवा-पनीर जप्त झालं तर कोणते कागद मागायचे?

दिवाळीच्या आधी अन्न व औषध प्रशासनाची गाडी दारात उभी राहिली की बहुतेक दुकानदार आधी कुणाला तरी फोन लावतात. त्यापेक्षा बिलांची फाइल काढा.

अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 38 नुसार संशयित माल जप्त करता येतो. तो लगेच उचलून नेतीलच असं नाही. हमीपत्र घेऊन तुमच्याच फ्रीजमध्येही ठेवतात. मग त्या सीलला हात लावू नका, तो वेगळा गुन्हा आहे. नासका माल मात्र प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबत नाही. हिरवट बुरशी आलेला खवा, बोटाला चिकटणारं पनीर खाण्यालायक नाही अशी खात्री झाली, की लेखी नोटीस देऊन ते नष्ट करता येतं. माल गेल्यावर बोलायला कागदच उरतो, म्हणून नोटीस आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. वजन, बॅच, वेळ वाचल्याशिवाय सही करू नका. शक्यतो साक्षीदार बोलावणं हे अधिकाऱ्याचं काम आहे, आणि नमुन्याची किंमत त्याने चुकती करायची असते (संकोचून ‘राहू द्या साहेब’ म्हणू नका).

नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्तांकडे. चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, पण तुम्ही मागणी केली तरच. ती तिथेच लेखी करा. दोन अहवाल जुळले नाहीत तर नमुना रेफरल (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल अंतिम. विश्लेषकाला 14 दिवस असतात. अहवाल विरोधात आला तर प्रत हाती पडल्यापासून 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

फाइलमध्ये परवाना किंवा नोंदणी प्रमाणपत्र, पुरवठादाराचा परवाना क्रमांक असलेली खरेदी बिलं आणि फ्रीजच्या तापमानाची वही ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं बिल. माल कुणाकडून आला हे सांगता आलं नाही तर कलम 27 प्रमाणे जबाबदारी विक्रेत्यावरच येते. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावे’ ही तारीख 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीची आहे. खडूने लिहून पुसली गेलेली चालत नाही.

अधिकाऱ्याने विनाकारण, त्रास द्यायला जप्ती केली असेल तर कलम 39 खाली त्यालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकांसाठी तक्रारीचा टोल-फ्री क्रमांक : 1800-222-365.