व्हॉइस राउटर

व्हॉइस राउटर : कार्यालयात इंटरनेट वाटून देण्याबरोबरच टेलिफोनचेही काम करणारा राउटर. दोन-चार माणसांपासून पन्नासेक माणसांपर्यंतच्या जागेसाठी तो बनवलेला असतो. वकिलाची कचेरी, दवाखाना, ट्रॅव्हल एजन्सी अशा ठिकाणी पूर्वी भिंतीवर दोन पेट्या दिसत, एक ईपीएबीएक्सची, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजची, आणि दुसरी इंटरनेटची. पहिलीवर इंटरकॉम चाले, शून्य दाबले की बाहेरची लाइन मिळे. दुसरीशी तिचा काही संबंध नसे. व्हॉइस राउटरने ही दोन्ही कामे एकाच पेटीत आणली.

हे सोपे झाले ते एसआयपी या नियमसंचामुळे. फोन लावणे, वाजवणे आणि तोडणे यांचे निरोप एसआयपी नेतो. प्रत्यक्ष आवाज आरटीपी या वेगळ्या प्रवाहातून जातो. एसआयपीचे आज चालणारे रूप २००२ मध्ये ठरले. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ मध्ये ॲस्टेरिस्क ही संगणकाला टेलिफोन एक्स्चेंज बनवणारी मुक्त प्रणाली लिहिली, कारण आपल्या लहानशा कंपनीसाठी एक्स्चेंज विकत घेणे त्याला परवडत नव्हते. हीच प्रणाली पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली टाकलेल्या छोट्या राउटरवरही चालू लागली. सिस्को या नेटवर्क-यंत्रांच्या कंपनीने शाखा-कार्यालयांच्या राउटरमध्येच कॉलमॅनेजर एक्सप्रेस हे एक्स्चेंज बसवले. बर्लिनच्या एव्हीएम कंपनीच्या फ्रिट्झबॉक्सने २००४ नंतर जर्मनीत तीच सोय घरगुती किमतीत आणली. पुढच्या मॉडेलांत कॉर्डलेस फोनचा तळ आणि उत्तर नोंदवणारे यंत्रही आले.

पेटीच्या पाठीमागे इथरनेटच्या पोर्टशेजारी आरजे-११ चे, म्हणजे टेलिफोनच्या तारेचे, अरुंद पोर्ट असतात. दिसायला ते सारखे, पण त्यांचे दोन प्रकार एकमेकांच्या अगदी उलट काम करतात. एफएक्सएस पोर्ट एक्स्चेंजच्या भूमिकेत असतो. त्याला साधा फोन जोडायचा. रिसीव्हर उचलला की डायल टोन देणे, तारेवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी ठेवणे आणि घंटी वाजवण्यासाठी त्याहून जास्त दाबाचा एसी सोडणे हे त्याचे काम. घंटी वाजत असताना उघड्या तारेला बोट लागले तर चांगलाच झटका बसतो, आणि नेटवर्क केबलची सवय असलेल्या माणसाला हे पटकन सुचत नाही. एफएक्सओ पोर्ट फोनच्या भूमिकेत असतो. त्याला एक्स्चेंजची लाइन जोडायची. घंटी ओळखून तो फोन ‘उचलतो’ आणि बोलणे संपले की ‘ठेवतो’.

या ठेवण्यातच एफएक्सओची खरी परीक्षा असते. पलीकडच्याने फोन ठेवला हे माणसाला एंगेज टोन ऐकून कळते. यंत्राला तो टोन मोजावा लागतो. भारतात हा टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा असतो. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा बंद. राउटर अमेरिकेच्या सेटिंगवर तसाच राहिला तर त्याला आपला टोन ओळखता येत नाही. बोलणे कधीच संपलेले असते, पण राउटरच्या लेखी फोन चालूच असतो. बाहेरून फोन करणाऱ्याला लाइन तासन्‌तास एंगेज लागते. लाइन खराब आहे अशी तक्रार नोंदवली जाते, लाइनमन येऊन तपासतो आणि लाइन ठीक निघते. म्हणून राउटर जोडताना पहिल्यांदा देश ‘भारत’ निवडावा. सेटिंगच्या पानावरची ही एक ओळ बाकीच्या डझनभर सोयींहून मोलाची आहे.

तारेतून आलेल्या आवाजाचे राउटर सेकंदाला ८,००० नमुने घेतो. प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, ही जी.७११ पद्धत. दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाजाचे एक पाकीट (पॅकेट) निघते आणि त्यावर पत्ता वगैरेचे आणखी ४० बाइट चढतात, त्यामुळे एका बोलण्याला एका दिशेने ८० किलोबिट लागतात. जी.७२९ पद्धतीत आवाज ८ किलोबिटवर येतो, पण पत्त्याचे ओझे तेवढेच राहिल्याने प्रत्यक्षात २४ लागतात.

आवाज तुटण्याचे कारण बहुधा वेग नसतो, रांग असते. ५१२ किलोबिटच्या अपलोडवर १,५०० बाइटचे एक पाकीट बाहेर पडायला सुमारे २३ मिलिसेकंद घेते. कोणी मोठी फाइल मेलने पाठवत असेल आणि अशी सहा-सात पाकिटे पुढे उभी असतील, तर त्यांच्यामागच्या आवाजाला दीडशे मिलिसेकंद तिथेच लागतात. चांगल्या संभाषणासाठी एका दिशेची एकूण मर्यादाच साधारण तेवढी धरतात. म्हणून आवाजाच्या पाकिटांवर ४६ ही प्राधान्याची खूण घालून त्यांना रांगेत पुढे काढले जाते. फायबरवर ही अडचण बरीच कमी झाली, नाहीशी झाली नाही.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे आवाज एकतर्फी येणे. राउटर आतले पत्ते बाहेर जाताना बदलतो, पण एसआयपीच्या निरोपात आतलाच पत्ता लिहिलेला असतो आणि पलीकडचा आवाज त्या पत्त्यावर जाऊन हरवतो. हे सुधारण्यासाठी अनेक राउटरांत एसआयपी एएलजी नावाची सोय असते. ती निरोप मध्येच बदलते आणि पुष्कळदा अर्धवट बदलते. सेवादात्याने वेगळे सांगितले नसेल तर ती बंद ठेवणेच बरे. एसआयपीचे पोर्ट ५०६० जगासाठी उघडे आणि पासवर्ड सोपा असेल, तर परक्या माणसाने केलेल्या परदेशी फोनांचे बिल कार्यालयाच्या माथी येते.

भारतात या यंत्रांच्या वापराला कायद्याची मर्यादा होती. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण देशातल्या साध्या फोनशी जोडणी त्यात नव्हती. पुण्याच्या ऑफिसातला आवाज इंटरनेटवरून मुंबईच्या शाखेत न्यायचा आणि तिथल्या एफएक्सओवरून लोकल कॉल म्हणून सोडायचा, हे यंत्राला सहज जमत असे. एसटीडीचा दर चुकवणारी ही वाट मात्र निषिद्ध होती. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीवरून साध्या नंबरांशी बोलणे जोडून देण्याची मोकळीक मिळाली. आता फायबरच्या जोडणीबरोबर येणाऱ्या पेटीवरच बहुधा फोनचा पोर्ट असतो आणि जुना फोन त्यात खोचला की चालू होतो.

तांब्याच्या लाइनवरचा फोन वीज गेली तरी वाजे, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळे. राउटरवरचा फोन वीज जाताच मुका होतो. काही यंत्रांत यासाठी रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, असतो : वीज गेली की एफएक्सओची लाइन थेट एफएक्सएसच्या फोनला जोडली जाते आणि ११२ लावता येतो. फायबरवर अशी लाइनच नसते, तेव्हा यूपीएसला पर्याय उरत नाही. तो टेबलावरच्या संगणकाला असतो. फायबरची पेटी आणि राउटर मात्र बऱ्याच ठिकाणी दाराजवळच्या साध्या प्लगवर असतात, आणि त्या दोन्हींना यूपीएसवर घेतल्याशिवाय फोन चालू राहत नाही.