मनाचा तास आला कुठून?

अलीकडे बऱ्याच शाळांच्या माहितीपत्रकात एक नवी ओळ दिसते: ‘सामाजिक-भावनिक शिक्षण व माइंडफुलनेस’. वेळापत्रकात त्याचा एक तास असतो. मुलं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात (हेच माइंडफुलनेस, म्हणजे सजगता), मग राग आल्यावर काय करायचं यावर गप्पा होतात. हे हल्लीच परदेशातून आलेलं खूळ आहे असं काही पालकांना वाटतं, तर काहींना हे सगळं आपल्याकडे पूर्वापार होतंच असं वाटतं. दोन्ही समज अपुरे आहेत. या एका तासात दोन वेगळे प्रवाह येऊन मिळाले आहेत आणि ते निघाले ते अगदी वेगवेगळ्या गरजांतून.

सामाजिक-भावनिक शिक्षणाची गोष्ट अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुरू होते. 1968 साली येल विद्यापीठाच्या बाल-अध्ययन केंद्रातले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी तिथल्या दोन प्राथमिक शाळांत काम हाती घेतलं. दोन्ही शाळांतली जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली होती. शहरातले सर्वांत कमी गुण याच शाळांचे, हजेरी रोडावलेली, शिक्षक टिकत नसत. कोमर स्वतः कृष्णवर्णीय कामगार कुटुंबात वाढलेले. मुलांत काहीतरी खोट आहे, हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हतं. घरच्या जगात शहाणं ठरणारं मूल शाळेच्या जगात येताच वाया गेलेलं ठरतं, कारण ही दोन जगं एकमेकांना ओळखत नाहीत, असं त्यांचं निदान होतं.

त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग या साऱ्या विषयाचा गाभा सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यातून आलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाला नातेवाईक बाईंनी कामावर जाता जाता शाळेत सोडलं. शाळा अनोळखी, शहर अनोळखी. वर्गात आधीच बरीच नवी मुलं आलेली, त्यामुळे वर्गशिक्षिकेच्या चेहऱ्यावर ‘आणखी एक?’ असा भाव उमटला. मुलगा घाबरला, शिक्षिकेच्या पायावर लाथ मारून पळत सुटला. एरवी अशा मुलाला शिक्षा झाली असती, कदाचित ‘वर्तन-समस्या’ असा शिक्काही बसला असता. कोमर यांच्या गटाने शिक्षकांना वेगळाच प्रश्न विचारला: या मुलाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? त्या चर्चेतून शाळेची रीत बदलली. नव्या मुलाला आधी शाळा दाखवायची, सोबतीला एक विद्यार्थी द्यायचा, वर्गाने त्याचं स्वागत करायचं. पुढे एकच शिक्षक दोन वर्षं त्याच मुलांबरोबर राहील, अशीही व्यवस्था झाली.

हे सहजासहजी घडलं नाही. पहिल्याच वर्षी संतापलेले पालक निषेध करायला शाळेवर चालून आले होते. मग पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांची मिळून शाळा चालवणारी समिती आली. दोषारोप करायचे नाहीत आणि निर्णय एकमताने घ्यायचे, हे तिचे नियम. 1980च्या दशकात या कार्यक्रमातल्या शाळांची प्रगती राष्ट्रीय सरासरीच्या पुढे गेली. यात मुलांसाठी वेगळा ‘भावनांचा तास’ नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं. आधी बदलली ती मोठी माणसं.

तास आला तो नंतर. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्याच शहरात रॉजर वाइसबर्ग आणि टिमथी श्रायव्हर यांनी सगळ्या इयत्तांसाठी पाठ तयार केले. वर्गाच्या भिंतीवर वाहतुकीच्या सिग्नलचं चित्र असे: लाल म्हणजे थांब, शांत हो, पिवळा म्हणजे पर्याय शोध, हिरवा म्हणजे निवडलेला पर्याय करून बघ. 1990 मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ (स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याची क्षमता) ही संकल्पना मांडली, 1994 मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाचा प्रसार करणारी ‘कॅसेल’ ही संस्था उभी राहिली आणि 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या ‘भावनिक बुद्धिमत्ता’ याच नावाच्या पुस्तकाने हा विषय घराघरांत पोचवला. 2004 मध्ये इलिनॉय राज्याने या कौशल्यांचे टप्पे अभ्यासक्रमातच घातले.

दुसरा प्रवाह शांततेचा. त्याचं बालशिक्षणातलं एक ठळक रूप मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे सापडतं. रोमच्या बालगृहात, म्हणजे त्यांच्या बालशाळेत, एकदा त्या चार महिन्यांच्या तान्ह्या बाळाला घेऊन आल्या. हे बाळ किती शांत आहे, तुम्हाला असं राहता येईल का, असं त्यांनी मुलांना विचारलं. मुलं श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. यातून शांततेचा खेळ आला, ज्यात अगदी हलक्या आवाजात एकेका मुलाचं नाव पुकारलं जाई. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी मॉन्टेसरींचे विचार आपल्याकडे रुजवले. बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तर शाळाच मुलांकडे नेली: वस्तीच्या अंगणात, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणात. कोमर जे करू पाहत होते, त्याच्याशी या कामाचं नातं मला जवळचं वाटतं, जरी या दोघींचा त्यांच्याशी काहीच संबंध नव्हता.

आजचा ‘माइंडफुलनेस’ मात्र दवाखान्यातून शाळेत आला. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी बौद्ध ध्यानपद्धतीवर आधारलेला, पण धर्माचा संदर्भ बाजूला ठेवलेला कार्यक्रम सुरू केला. तिथून तो शाळांपर्यंत झिरपला.

महाराष्ट्रात याच बौद्ध परंपरेचा धागा दुसऱ्या वाटेने आला. म्यानमारमध्ये जन्मलेले विपश्यना ध्यानाचे आचार्य सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं आणि 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. मुलांसाठी त्यांनी फक्त आनापान ठेवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं पाहणं. पुढे राज्य शासनाबरोबर ‘मित्र’ उपक्रम आला. शाळेत रोज दहा मिनिटं आनापान, आणि शिक्षकांनी आधी स्वतः दहा दिवसांचं शिबिर करावं अशी अपेक्षा. ही दुसरी अट प्रत्यक्षात सर्वांत आधी विसरली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

दोन्ही प्रवाह एकत्र आल्याचं भारतातलं एक मोठं उदाहरण दिल्लीचं. 2 जुलै 2018 रोजी दलाई लामांच्या हस्ते तिथल्या सरकारी शाळांत ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू झाला. पहिली ते आठवीला रोज एक तास, नर्सरी-केजीला आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला सजगतेची काही मिनिटं, मग गोष्ट, कृती, चर्चा. परीक्षा नव्हती. परीक्षा न ठेवण्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता.

उपयोग होतो का, याचं उत्तर सरळ नाही. 2011 मध्ये 213 सामाजिक-भावनिक कार्यक्रमांचा आणि 2,70,034 विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. अशा शाळांतली मुलं अभ्यासातही सरासरी 11 शतमक (शंभरांच्या क्रमवारीत सुमारे 11 जागा) पुढे होती. पण हा शैक्षणिक लाभ दिसला तो शाळेतल्या माणसांनीच कार्यक्रम चालवले तिथे, बाहेरून आलेल्या संशोधकांनी चालवले तिथे नाही. ब्रिटनमध्ये 2022 साली 85 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवरच्या माइंडफुलनेस-चाचणीचे निष्कर्ष आले. मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा वेगळा फरक आढळला नाही, बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेचं वातावरण थोडं सुधारलं.

काहींनी यावरून हा सारा विषयच निकालात काढला. मला ते पटत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला एक पाठ देऊन त्याचं मन निरोगी होईल, ही अपेक्षाच चुकीची होती. आता 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक क्षमतांना जागा मिळाली आहे, त्यामुळे पुस्तिका, ॲप आणि एका दिवसाची प्रशिक्षणं यांची गर्दी होणार. त्यातलं काहीही निवडण्याआधी पालकांनी आणि शाळांनी शिक्षकाकडे पाहावं: त्याच्या वर्गात किती मुलं आहेत, शाळाबाह्य कामांतून त्याला किती वेळ उरतो, आणि त्याच्या मनावरचा ताण ऐकून घ्यायला शाळेत कुणी आहे का.